खंडेनवमीला गेलेले चार स्लॉट

बायको उन्हाळ्यात गेली आणि लेकीने मला गावच्या खोलीतनं उचलून चऱ्होलीला आणलं. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे माझ्या वयाच्या माणसाला घास उतरत नाही. आमच्या आधीची माणसं लेकीच्या घरचं पाणी प्यायलाही मागंपुढं बघायची. मी तर दोन्ही वेळा जेवत होतो. म्हणून जावयाला सरळ सांगितलं, दुकानावर येतो, झाडू मारतो, पडेल ते करतो, पण मला फुकट बसवू नका.

जावयाचं दुकान महाळुंग्याला. कंपन्यांचे सर्व्हर दुरुस्त करायचं. सर्व्हर म्हणजे कॉम्प्युटरच, पण पलंगाखाली सरकवायच्या ट्रंकेसारखा चपटा लोखंडी डबा. चालू केला की पिठाच्या गिरणीसारखा ओरडतो. मी चौथी शिकलेला, सगळी नोकरी भोसरीत लेथवर गेली. लेथ कुठं घासतो, कुठं थरथरतो, ते कानाला कळायचं. ह्या डब्यात पंखे सोडले तर काही हलतच नाही. मग त्यात बिघडतं तरी काय, हे मला कधी उमगलं नाही.

जावई काम काही देईना. झाडू हातात घेतला की "राहू द्या, बाबा." खुर्ची पुढं, चहाचा पहिला कप मला. चांगला माणूस, पण मला पाहुणा करून ठेवलेला. पाहुण्याने किती दिवस राहायचं? दसरा झाला की गावी जायचं, असं मी ठरवलं आणि लेकीला बोललो. ती म्हणाली, "तिथं कोण आहे तुमचं?" मी म्हणालो, "हितं तरी कोण हाय? तू डुटीवर, आन् ते डब्यात डोकं घालून."

खंडेनवमीच्या तोंडावर एका कारखान्याने सुट्टीत साफसफाई करून द्या म्हणून आपला सर्व्हर पाठवला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट लागायच्या आत परत हवा होता. जावयाने तो टेबलावर उघडा करून ठेवला होता. आत हिरवा बोर्ड, बोर्डावर लांब लांब खाचा. त्या खाचांना स्लॉट म्हणतात, त्यांत रॅमच्या पट्ट्या उभ्या बसतात. पट्ट्या काढून बाजूला ठेवलेल्या होत्या.

घरात दुःखाचं वर्ष, सण नाही. लेक म्हणाली, "यंदा दुकानातही पूजा नको." घरचं मला पटलं. पण मशिनीला कसलं सुतक? भोसरीत खंडेनवमीला शेठ सगळ्यांच्या घरच्यांना बोलवायचा. ही यायची. लेथच्या चकला, काम धरून फिरतो त्या जबड्याला, पिंजर लावायची आणि त्याच बोटाने, सगळ्यांच्या देखत, माझ्या कपाळाला. लोक हसायचे. "वहिनींच्या दोन मशिनी झाल्या," म्हणायचे. ही म्हणायची, "एक तेल मागती, एक चहा. तेलाची बरी."

तिचा कुंकवाचा करंडा माझ्याजवळच होता. सवाष्ण गेली, तिच्या करंड्याचं काय करायचं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. जावई पार्ट आणायला चाकणला गेला तेव्हा मी करंडा काढला. पिंजर ड्रिलला लावली, ब्लोअरला लावली, आणि त्या उघड्या बोर्डावरही चिमूट सोडली. बोटं आता थरथरतात. जरा जास्तच सांडली.

तो आला तसं मीच सांगितलं. "मशिनींना पिंजर लावलीय. सण हाय."

त्याने डब्यात वाकून बघितलं. तोंड उतरलं. ब्लोअरने सगळं उडवून काढलं आणि म्हणाला, "राहू द्या, बाबा. होतं असं."

मग पट्ट्या बसवून सर्व्हर चालू केला. बराच वेळ नुसता ओरडत राहिला. शेवटी पडद्यावर स्लॉटची यादी आली, तिच्यात चार मोकळे. पट्ट्या तर मी डोळ्यांनी बसलेल्या बघत होतो.

त्याने मला समजावलं. ह्या बोर्डाला दोन प्रोसेसर, ज्याचे त्याचे स्लॉट वाटून दिलेले. पहिल्याचे सगळे दिसतात, दुसऱ्याचे चार दिसत नाहीत.

"पट्टी खराब असंल," मी म्हणालो.

"हीच पट्टी पहिल्याकडं चालतेय. म्हणजे पट्टी नाही."

"मग स्लॉट."

"स्लॉट, नाहीतर प्रोसेसर, नाहीतर त्याच्याखालच्या पिना. नाहीतर बोर्डच."

"म्हंजी सगळंच की."

"हो," तो म्हणाला. मग डब्यात वाकून, "बाबा, पिंजर नेमकी कुठं पडली?"

मी डावीकडं बोट केलं. मग वाटलं, तेव्हा पंखे माझ्याकडं होते. मग डावं ते उजवं झालं. का पंखे भिंतीकडंच होते? आठवायला गेलो की लेथचा चकच समोर यायचा आणि चकवर तिचं बोट. डबा काही येईना.

"तुमी डबा फिरवलाय का मधी?"

"फिरवला असेल. नाही आठवत."

मग एकेक स्लॉट तपासणं आलं. एक पट्टी घ्यायची, एका स्लॉटमध्ये घालायची, चालू करायचं, वाट बघायची. मग पुढचा स्लॉट. संध्याकाळपर्यंत तेच. मी म्हणालो, "शिव्या द्या की. दुसरा कुणी असता तर दिल्या असत्या."

"शिव्या कशाला, बाबा," तो म्हणाला, आणि मला चहा मागवला.

दसऱ्याला दुपारी लेक जेवणाचा डबा घेऊन दुकानावर आली. मी तिला सांगितलं, पिशवी भरून घरी दाराशी ठेवलीय, उद्या खेडची एसटी धरून गावी जातो. "माझ्यामुळं गेलं असंल तर मी कुठल्या तोंडानं राहू?"

तिने नवऱ्याला विचारलं, "बाबांमुळं झालंय का?"

"माहीत नाही."

"हो का नाही तेवढं सांगा."

"माहीत नाही म्हणतोय ना."

ती डबा आपटून खुर्चीत बसली.

जावयाने दुसऱ्या प्रोसेसरवरचा, त्याला थंड ठेवणारा कंगव्यासारखा ठोकळा सोडवला. चारातला एक स्क्रू बोटानेच फिरला. आधीच सैल होता, की आत्ता ह्यानेच सैल केला, ते दोघांनाही सांगता येईना. प्रोसेसर उचलला. खाली सोन्याच्या रंगाच्या बारीक पिना, कणसाला दाणे असावेत तशा गच्च. भिंग लावून तो म्हणाला, "एक कण आहे."

"लाल हाय का?"

"तपकिरी. लालसर. कळत नाही." चिमट्याने उचलायला गेला तर कण उडाला तो उडालाच. तिथली एक पिन त्याला जरा कललेली वाटली, ती सरळ केली. सरळ केली म्हणाला, मला दोन्ही वेळा सारखीच दिसली. मग प्रोसेसर पुसून बसवला, स्क्रू समोरासमोरचे घेत आवळले आणि बटण दाबलं.

डबा ओरडायला लागला. ठोकळा एका बाजूला वर राहिलाय असं मला वाटलं, म्हणून मी बोट पुढं केलं.

"अहो, हात काढा तिथनं! एकदा घातलात तेवढं पुरे नाही का?"

लेक उठून उभी राहिली. जावयाचे कान लाल झाले. "बाबा, मला तसं..."

"बरं केलं," मी म्हणालो आणि हात मागं घेतला. उन्हाळ्यापासून माझ्यावर कुणी ओरडलंच नव्हतं. शेठ ओरडायचा, ही तर रोज ओरडायची. मला एकदम भूक लागली, खोटं कशाला सांगू. लेकीने आणलेला डबा उघडला.

दुसरा घास तोंडात होता तेव्हा यादी आली. सगळे स्लॉट भरलेले. त्याने परत बंद करून परत चालू केला. भरलेलेच.

"मग काय झालं होतं?" मी विचारलं.

"कण असेल, पिन असेल, स्क्रू असेल. तिन्ही एकदम केलं, आता कसं सांगणार?"

"माझी चूक हाय का न्हाई?"

त्याने विचार केला. खरंच केला. "अर्धी धरा," म्हणाला.

अर्धी म्हणजे किती, हे मला अजून कळलेलं नाही. त्याने सर्व्हरचं झाकण लावलं आणि माझ्याकडं न बघता सांगितलं, "उद्या मी हा द्यायला पहाटेच जाणार. तुम्ही रिक्षाने या आणि दुकान झाडून घ्या. सगळीकडं पिंजर झालीय. ब्लोअरला हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी मी दुकान झाडलं. टेबलाच्या फटीत बसलेली पिंजर काही निघाली नाही. एसटी गेली असेल. पिशवी अजून लेकीच्या दाराशी आहे, फक्त आतला टॉवेल काढून घेतलाय.