थोरलीच्या कपाळावरचे कुंकू

गार हवेत कोंडलेली धूळ, तापलेले प्लॅस्टिक आणि मोगऱ्याची उदबत्ती यांचा मिसळलेला वास कुठेही आला, की मला आमच्या व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीच्या अलकापुरीतल्या कचेरीची ती बिनखिडकीची खोली आठवते आणि तिच्या दाराशी चपला काढून उभे असलेले आमचे सर्व्हरवाले काका आठवतात. यंत्रांवर एवढी माया आणि माणसांवर एवढा अविश्वास एकाच सदऱ्यात बाळगणारा दुसरा गृहस्थ साऱ्या बडोद्यात सापडायचा नाही. कंपनीची सगळी स्मरणशक्ती त्या खोलीतल्या सात सर्व्हरांत होती आणि त्या सातांची कुंडली काकांच्या डोक्यात. त्यामुळे कंपनी नेमकी कोणाची, याविषयी शेठजींचा आणि काकांचा मनातल्या मनात मतभेद होता.

काकांचे वडील प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये चाकांवर हातोडी मारून, नुसत्या नादावरून तडा ओळखत. मुलाला वारशाने तो कान मिळाला आणि कानाबरोबर तो ताठाही. सर्व्हरांची तब्येत पडद्यावर दाखवणारे सॉफ्टवेअर काकांकडे होते, पण त्यावर त्यांचा विश्वास पेपरातल्या राशिभविष्याइतकाच. ते डोळे मिटून खोलीत उभे राहत आणि पंख्यांची घरघर ऐकत. एकदा दुपारी सेव-उसळीचा पहिला घास घेतानाच त्यांनी चमचा खाली ठेवला, "तिसरीला कफ झालाय," म्हणाले आणि जिना चढून गेले. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या सर्व्हरचा पंखा खरोखरच बंद पडला, तेव्हा नवा पंखा काकांच्या खिशात तयार होता. खोलीत मोठ्याने बोलायला मनाई होती. तिथे मोबाइल वाजला, तर काका त्या माणसाकडे, त्याने देवळात चप्पल घालून प्रवेश केला असावा, अशा नजरेने पाहत.

खंडेनवमीला तर त्यांच्या भक्तीला भरती येई. सर्वांची हत्यारे पुजली जातात, मग यांनीच काय पाप केले, असा त्यांचा सवाल. धूर हुंगून घंटा वाजवणाऱ्या यंत्राच्या तोंडाला ते आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी बांधत आणि एकेक सर्व्हर पंधरा मिनिटे बंद ठेवत. "वर्षातून एकदा पाय तरी लांब करू द्या त्यांना," असे त्याचे तांत्रिक कारण. तेवढ्या वेळात कंपनी ठप्प होई आणि आम्ही सारे दसऱ्याचा फाफडा-जलेबी एक दिवस आधीच उरकून घेत असू. कुंकवाचा मोठा मान थोरलीला, म्हणजे सर्वांत जुन्या सर्व्हरला. तिच्या कपाळी काका दरवर्षी नवे बोट ओढत आणि जुने कधी पुसत नसत.

मग शेठजींना क्लाउडचा साक्षात्कार झाला. कोणत्या तरी समारंभात शेजारी बसलेल्या उद्योगपतीने आपला सगळा डेटा क्लाउडवर नेल्याचे त्यांनी ऐकले, आणि आमचा जमिनीवर असणे हा त्यांना एकाएकी कमीपणा वाटू लागला. "काका, हवे बधुं क्लाउड पर," म्हणजे आता सगळे क्लाउडवर, असे त्यांनी गुजरातीत जाहीर केले. सर्व डेटा गेला की ती खोली पाहुण्यांच्या बैठकीसाठी सजवायची आणि निवृत्तीपर्यंतची तीन वर्षे काकांनी मागच्या गोदामात स्क्रू-नट सांभाळायचे, हेही त्याच प्रसन्न स्वरात सांगून झाले. काका एवढेच म्हणाले, "स्क्रू बरे असतात, शेठ. ते समारंभाला जात नाहीत."

सल्लागार म्हणून आलेली तरुणी हुशार होती, विनम्रही होती, आणि तिच्या हातात एक स्कॅनर होता. प्रत्येक सर्व्हरच्या कपाळावर कंपनीची बारकोडची चिकटपट्टी होती. ती स्कॅनरने वाचायची आणि यादी करायची. सहा वाचल्या गेल्या. थोरलीची पट्टी अठरा खंडेनवम्यांच्या कुंकवाखाली गाडली गेलेली. स्कॅनर मुका राहिला. नोंदीबाहेरचे जुने यंत्र समजून तिने थोरलीला भंगारात नोंदवले आणि स्थलांतराचा दिवस ठरवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका माझ्या टेबलाशी आले. कंपनीची इंग्रजी पत्रे मी लिहीत असे, आणि साऱ्या कचेरीत जिच्याशी ते मराठीत बोलू शकत, अशी मी एकटीच.

"ताई, त्या सल्लागार बाईंना एक मेल लिहा. यादीत सहा आहेत, खोलीत सात आहेत. थोरलीच्या पोटात आपल्या प्रत्येक व्हॉल्व्हच्या तपासणीचे दाखले आहेत. ती राहिली तर परवापासून एक ट्रक गेटबाहेर पडायचा नाही."

मी टंकायची थांबले. "आणि ट्रक अडले, तर शेठजी हा सगळा खेळ गुंडाळतील. खोली राहील. तुम्हीही राहाल."

"कालपासून तोच विचार करत होतो," ते म्हणाले. "सेव-उसळसुद्धा तशीच परत पाठवली." खिडकीबाहेर रिक्षांचा कालवा चालला होता, तो त्यांनी जरा वेळ ऐकला. "वडील तडा ऐकून गप्प बसले असते, तर त्यांचा कान काय कामाचा होता? लिहा तुम्ही. आणि खाली हेही लिहा, की आपल्या विद्वान यंत्राला कुंकू वाचता येत नाही."

ते शेवटचे वाक्य मी शब्दशः भाषांतरित करून पाठवले. सल्लागार तरुणी धावत वर आली, दाराशी तिने बूट काढले आणि ओल्या रुमालाने ती पट्टी स्वतः पुसली. रुमाल लाल झाला. काकांनी तो तिच्याकडून मागून घेतला.

आठवड्याने सर्व काही सुखरूप क्लाउडवर पोचल्याची खात्री झाली आणि शेठजींनी पेढे वाटले. खोली बंद करायच्या सकाळी काकांनी फक्त मला बोलावले. मीही चपला काढल्या. सहा सर्व्हर त्यांनी भराभर बंद केले. प्रत्येकीबरोबर खोलीतला एकेक स्वर गळत गेला. शेवटी थोरलीची एकटीची घरघर उरली. इतकी वर्षे मला तो नुसता गोंगाट वाटला होता. बटण दाबल्यावरही तिचा पंखा बराच वेळ रेंगाळला, मंदावला, एकदा खाकरला आणि थांबला. खोलीत उदबत्तीचा वास तेवढा तरंगत राहिला. तिच्या पत्र्याची ऊब सरेपर्यंत काकांनी तिच्यावर ठेवलेला तळहात उचलला नाही. मग माझ्याकडे न पाहता, झोपल्या माणसाची झोप मोडू नये अशा हळू आवाजात ते म्हणाले,

"दमली."