डाव्या कोपऱ्यातली पकड

सणसरच्या कबड्डी संघाचे व्यवस्थापक सर्जेराव तात्या, प्रशिक्षकही सर्जेराव आणि मैदानावर पाणी मारणारेही तेच. पहाटे डेअरीवर दूध संकलन, संध्याकाळी मैदान, यातच उमर सरली. घरी प्रयागबाई म्हणत, "तुमचं लगीन माझ्यासंगं न्हाय, त्या पोरांसंगं लागलंय." तोवर तात्या मैदानाच्या वाटेला लागलेले असत.

यंदा हंगामाआधी एकच प्रश्न होता. वाजिदला संघात ठेवायचं की सोडायचं? वाजिद त्यांचा मुख्य चढाईपटू. एकेकाळी तो समोरच्या संघाच्या अंगणात शिरला की इंदापूरचे धिप्पाड गडीही दबकून उभे राहत. पण गुडघा दुखावल्यापासून सामन्यागणिक त्याची पकड होत होती. संघाचे सचिव विजयसिंह यांनी लोणी भापकरचा एक चपळ पोरगा हेरून ठेवला होता.

"तात्या, जागा एकच हाय," ते म्हणाले. "तुमचा जीव अडकलाय त्याच्यात. पर जीव लावून करंडक येत न्हाय."

"आज सरावात बघू," तात्या म्हणाले.

सरावात वाजिदनं बहार केली. जाईल तिकडून गुण घेऊनच परतला. विजयसिंहही मान डोलावू लागले. तात्यांची नजर मात्र डाव्या कोपऱ्यावर होती. तिथला माऊली एकदा घोटा धरला की सोडत नसे. आज त्याची बोटं घोट्याला लागत आणि सैल पडत. घोटा कसा धरायचा, हे त्याला वाजिदनंच शिकवलेलं. शिकवणाऱ्याला मातीत कसं लोळवायचं? सगळीच पोरं वाट देत होती, आणि वाजिदला वाटत होतं, गुडघा बरा झाला.

गप्प बसलं तर आणखी एक हंगाम निघाला असता. तात्यांना मोह झाला. पण परका संघ वाट देणार नव्हता. बारामतीत दिवसभर उकिडवं बसून वेल्डिंग करणाऱ्या वाजिदचा गुडघा कायमचा गेला तर?

"माऊली, जेवला न्हाईस का? नीट धर!"

माऊलीनं मान खाली घातली. पुढच्या चढाईला घोटा धरला आणि धरूनच ठेवला. वाजिदनं हिसका दिला. गुडघा मुडपला आणि तो पालथा पडला. मधली रेषा हातभर लांब राहिली.

वाजिद उठला, माती झटकली. "आता आली पकड. मघापासनं गुदगुल्या करत हुतास व्हय रं?"

पोरं कशीबशी हसली. वाजिद लंगडत तात्यांजवळ येऊन बसला.

"काटेवाडीवाले त्येंच्या संघात बोलवत्यात, तात्या."

"जाशील?"

"गुडघा तितंबी ह्योच न्यायचाय." त्यानं गुडघा चोळला. "लोणीचं पोरगं घ्या."

"पोरांना शिकवायला तरी ये."

"यंदा नको. बाहेर बसून बघवायचं न्हाय मला."

त्यानं गाडी काढली आणि बारामतीच्या रस्त्याला लागला.

विजयसिंह जवळ आले. "मग वाजिदला कोण सांगणार?"

"सांगून झालं."

"काय म्हणाला?"

"काय म्हणंल? लाव त्या पोराला फोन."

माऊली अजून कोपऱ्यातच बसून होता, मान वर करत नव्हता. त्याला चार शब्द सांगायला हवे होते. जमिनीला हात टेकून ते उठले आणि त्याच्याकडे चालू लागले.