आत्याबाईंच्या एक नंबरच्या सिनेमापायी राजूरला

"तंबूतला सिनेमा बघायला नगरहून राजूरला?" टांगेवाल्यानं मान मागं वळवून विचारलं.

"तू म्होरं बघ," आत्याबाई म्हणाल्या. "यस्टी चुकली तर तुलाच राजूरपत्तुर टांगा हाकावा लागंल."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर काष्टीचं, त्यामुळं सावेडीतल्या नव्या घरात राहूनही बोली तिकडचीच. आम्हा दोघींनाही सिनेमाचं वेड, पण मत कधी जुळलं नाही. माझ्या आवडत्या सिनेमांची यादी दर दिवाळीला बदलते. त्या वर्षी पहिला होता एका विसरभोळ्या घड्याळजीचा. दुसरा एका नर्सबाईचा. तो मी चार वेळा पाहिला आणि चारही वेळा रडले. तिसऱ्याच्या गोष्टीत काही अर्थ नव्हता, पण नायक चालायचा फार छान.

आत्याबाईंच्या यादीत एकच सिनेमा. लग्नाआधी नगरला मामांकडे आल्या असताना पाहिलेला, एका नावाड्याच्या मुलीचा. "मुंडावळ्या बांधलेली पोरगी भर मांडवातनं उठती, बापाची नाव सोडती न् एकटी पल्याड जाती. असा शेवट पुन्यांदा कुनी केला न्हाई." हे मी या घरात आल्यापासून ऐकत होते. माझ्या नवऱ्यानं बहुधा पाळण्यात ऐकलं असावं. म्हणूनच राजूरच्या शाळेत शिकवणारी माझी मैत्रीण शालिनी, तिचं पत्र आलं की तोच सिनेमा तिथं तंबूत लागलाय, तेव्हा मी शनिवारची रजा टाकली. एकदा बघू तरी, म्हटलं, एवढं काय आहे त्यात.

संगमनेरला एस.टी. बदलायची होती. तिथं स्टँडच्या भिंतीवर सिनेमाची जाहिरात चिकटवलेली. आत्याबाई ती बघत उभ्या राहिल्या, आणि आमची गाडी आमच्या पाठीमागून निघून गेली. दुसरी मिळाली ती इतकी म्हातारी की अकोले गावाच्या पुढच्या घाटात धापा टाकत थांबलीच. कंडक्टरनं सगळ्यांना खाली उतरवलं. आम्ही चढ पायी चढलो. खाली कापणी झालेली भाताची खाचरं, समोर एकामागं एक निळे डोंगर, आणि शेजारी आत्याबाई, चप्पल हातात घेऊन, "रुपाया तिकिटाचा न् चालायचं आपुनच!" असं कंडक्टरला ऐकू जाईल इतपत हळू म्हणत.

शालिनीनं नागलीची (नाचणीची) भाकरी, उडदाचं झणझणीत कालवण आणि वर राजूरचे पेढे असा बेत केला होता. पेढ्यांची तारीफ ऐकून होते, पण चार खाल्ल्यावर पटली. दिवस मावळताच आम्ही तिघी तंबूकडं निघालो.

जमिनीवर बसायचं, मध्ये दोर, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष. यंत्र एकच, त्यामुळं एक रीळ संपलं की दिवा लागायचा आणि दुसरं चढेपर्यंत गप्पा. आत्याबाईंना हे फारच सोयीचं पडलं. दिवा लागला की त्या आजूबाजूच्या बायांना पुढची गोष्ट सांगायच्या. "आता सावकाराचा पोरगा तिला बघनार." तसंच व्हायचं. "आता बाप तिला न इचारता शबुद देनार." तसंच व्हायचं. बाया सरकून सरकून त्यांच्याभोवती गोळा झाल्या. मांडीवर तान्हं घेतलेल्या एकीनं तर त्यांना चक्क विचारलं, "आजी, तुमी बोलपटात काम केलंय का?"

आणि मग अर्ध्यावर गाडी घसरली. आत्याबाई म्हणाल्या, पोरगी आता भांडणार. पोरगी गाणं म्हणत बसली. आत्याबाई म्हणाल्या, आता नाव सोडणार. ती नावेकडं फिरकलीसुद्धा नाही. तिनं बापाच्या पायावर डोकं ठेवलं, माफी मागितली, आणि वाजतगाजत लग्न झालं. दिवा लागला. कुणीतरी म्हणालं, "आजीचा सिनेमा दुसराच हुता वाटतं." बाया हसल्या. आत्याबाई हसल्या नाहीत. मी मात्र हसले होते, आणि त्यांनी ते पाहिलं होतं.

परतताना शालिनी कंदील घेऊन पुढं चालत होती. मागं माझ्याजवळ सरकून आत्याबाई म्हणाल्या, "शेवट मी बघितलाच नव्हता गं."

"म्हणजे?"

"बापानं शबुद दिला, तितवर बघितला. मग आमचा दादा आला न् मला उठवून घेऊन गेला. काष्टीहून सांगावा आला हुता, पाव्हनं बघाया येनार म्हनून. तुझं सासरं."

त्या पुढं म्हणाल्या, "मानूस चांगलं निघालं, त्याबद्दल म्हननं न्हाई. पर मला कुनी इचारलं न्हाई. मग रातच्याला पडल्या पडल्या मी त्या पोरीला नावंत बसवलं. रोज बसवायची. पुढं पुढं मलाच वाटाया लागलं, बघितलंय."

मी त्यांचा हात धरला. रस्ता खडबडीत होता, हे निमित्त.

सकाळच्या एस.टी.त कालची तान्ह्यावाली बाई आमच्याच बाकावर आली. "आजी! पोर रडाया लागलं म्हनून मी मधनंच उठले बघा. पुढं काय झालं त्या पोरीचं?"

आत्याबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मग माझ्याकडं. मग सावरून बसल्या आणि सांगू लागल्या: मांडव, मुंडावळ्या, नाव, पलीकडचा काठ. बाई पोराला थोपटायचं विसरून ऐकत होती.

"खरंच गेली एकटी?" तिनं मला विचारलं. खोटं बोललं की मुलांना बाकावर उभं करणारी मी शिक्षिका.

"गेली ना," मी म्हटलं. "आणि वल्हं तिनं स्वतः मारलं."

"बरं केलं," ती बाई म्हणाली. आत्याबाईंनी पदरानं तोंड पुसल्यासारखं केलं आणि पिशवीतला पेढा काढून आधी मला दिला.

घरी नवऱ्यानं विचारलं, "मग, आईचा सिनेमा आहे का एक नंबर?" मी म्हटलं, आहे. त्याहून जास्त त्याला सांगितलं नाही. पण तेव्हापासून थिएटरात एखादी बाई मध्येच उठून, रांगेतल्या सगळ्यांचे पाय तुडवत बाहेर निघाली, की मी कुरकुर करत नाही. पाय आखडून घेते आणि तिला वाट करून देते. उरलेला सिनेमा तिला घरी जाऊन करायचा असतो.