चाचांची चुकलेली गाडी

नवऱ्याला नाही, आईला नाही, ज्यांच्या बाबतीत घडलं त्यांना तर नाहीच — हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. तुमच्यापाशी बोलते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणानं झाली.

मी बारामतीत घरी बसून वेबसाइटची पानं बनवते. ही पानं कशी लिहायची याचे जगभर चालणारे नियम असतात. हा मथळा, हा तक्ता, हे पानाच्या आत खुणा करून सांगायचं, म्हणजे कुठलाही फोन ते नीट दाखवतो — आणि ज्यांना दिसत नाही त्यांना नीट वाचून दाखवतो. नियम बदलायचे झाले की आधी कच्चा मसुदा सगळ्यांसमोर ठेवतात आणि म्हणतात, वापरताना काय अडतं ते सांगा, कुणीही सांगा. कुणीही म्हणजे खरोखर कुणीही. पण इंदापूर तालुक्यातल्या शेळगावच्या माणसापर्यंत हे पोचणार कसं? म्हणून मराठीत काम करणाऱ्या आम्ही काही जणांनी गट केला. लोकांच्या अडचणी ऐकायच्या, इंग्रजीत लिहायच्या, पाठवायच्या. इंदापूर तालुक्याची जबाबदारी मी घेतली. हौसेनं घेतली, खोटं कशाला बोलू.

आणि सगळ्यात आधी मला आठवले शब्बीरचाचा.

चाचा म्हणजे माझ्या वडिलांचे दोस्त. अंथुर्ण्यात त्यांचं गाद्यांचं दुकान होतं. मी शिकायला वसतिगृहात निघाले तेव्हा त्यांनी स्वतः मला गादी शिवून दिली होती, आणि टाके पाठीला टोचू नयेत म्हणून तिच्यावरून कितीतरी वेळ हात फिरवत बसले होते. पुढं काचबिंदूनं त्यांची नजर गेली. दुकान मुलानं घेतलं, चाचा शेळगावजवळच्या वस्तीवर राहायला गेले आणि बोलणारा फोन शिकले. आता दिवसभर त्या फोनशी हुज्जत घालतात.

मी त्यांना मसुद्यातला तक्त्यांचा नियम समजावला. तक्त्यातल्या प्रत्येक आकड्याला तो कशाचा आहे ते नाव बांधलेलं असावं का, म्हणजे फोन आधी नाव वाचेल आणि मग आकडा — की ते पान बनवणाऱ्याच्या मर्जीवर सोडावं? मग त्यांनी सांगितलं.

रमजान होता. घरचे सगळे बारामतीला दवाखान्यात गेलेले, वस्तीवर चाचा एकटे. तिथवर मशिदीची अजान पोचत नाही. रोजा सोडायची वेळ बघायला त्यांनी फोनवर कुठलंसं पान उघडलं. त्यात गावोगावच्या वेळांचा तक्ता. फोननं वेळा वाचल्या, एकामागून एक, पण कुठली वेळ कुठल्या गावाची ते काही सांगितलं नाही. चाचांनी अंदाजानं एक वेळ धरली. ती निघाली पूर्वेकडच्या कुठल्यातरी शहराची, जिथं सूर्य आपल्या आधी मावळतो. त्यांनी खजूर खाल्ला, पाणी प्यायले आणि अंगणात आले.

"तर गालाला ऊन लागलं गं," ते म्हणाले. "दिस अजून व्हता."

तो रोजा त्यांनी नंतर भरून काढला. पण मनातून ते ऊन काही जात नाही म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, नुसती लाज होती — ज्याची चूक नाही त्या माणसाला वाटणारी लाज. मला फार वाईट वाटलं. मग त्यांनी एकच गोष्ट मागितली.

"माझं नाव घाल, पोरी. नावाबिगर बोललेलं कोण मनावर घेतंय?"

घालते म्हणाले मी.

आता — कसं सांगू? मी लिहायला बसले. 'रमजानमध्ये' एवढं लिहिलं आणि हात थांबला. हे आमच्या गटात सगळे वाचणार. कुणी म्हणेल का, तुला हेच उदाहरण सापडलं? कामाच्या गोष्टीत धर्म कशाला? तोवर कुणी असं म्हणालं होतं का? नाही. एकानंही नाही. गटातली माणसं भली आहेत. ज्या बोलण्याला मी भ्याले ते अजून कुणाच्या तोंडातून निघालंही नव्हतं. ते फक्त माझ्या डोक्यात होतं. मग ते बोलणं कुणाचं?

मी रोजा खोडला आणि तिथं बस घातली. गावोगावच्या बसच्या वेळा ऐकू येतात, गावांची नावं येत नाहीत, म्हणून एका अंध गृहस्थांची गाडी चुकली — असं लिहिलं. चाचांचं नावही घातलं नाही. 'इंदापूर तालुक्यातले एक ज्येष्ठ प्रवासी.' प्रवासी! नजर गेल्यापासून चाचा बसमध्ये चढलेले नाहीत.

आणि वर मला वाटलं, छान जमलं, कुणालाही पटेल असं.

नियम करणाऱ्यांकडून उत्तर आलं. उदाहरण बोलकं आहे, नियमाच्या स्पष्टीकरणात घेतो आहोत. मी ते चाचांना फोनवर मराठीत वाचून दाखवलं, आणि जिथं बस होती तिथं रोजा वाचला. आवाज जरासुद्धा अडखळला नाही. त्यांचं नावही वाचलं, जे तिथं नव्हतंच. चाचांनी पुन्हा वाचायला लावलं, मी पुन्हा वाचलं. पुढं कितीतरी दिवस वस्तीवर जो येईल त्याला ते सांगत होते, की माझ्या रोज्याची गोष्ट पार तिकडं पोचली, आता कुणाचा रोजा असा चुकायचा न्हाय.

मग आमच्या गटप्रमुखांनी सगळ्या सूचना एका पानावर मराठीत मांडल्या आणि ज्यांनी अडचणी सांगितल्या होत्या त्या सगळ्यांच्या ग्रुपवर लिंक टाकली. त्या ग्रुपवर चाचाही होते. इंदापूर तालुक्यातून एकच सूचना गेली होती, त्यामुळं ती कुणाची हे कळायला अक्कल लागत नव्हती. चाचा प्रत्येक निरोपाला बोलून उत्तर देतात, दुवा देतात, थट्टा करतात. या वेळी त्यांनी एकच शब्द पाठवला — "ऐकलं."

त्या आठवड्यात त्यांचा फोन आला. माझ्या मुलीचा खोकला कसा आहे विचारलं. त्या पानाबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी मनाशी म्हटलं, शेवटपर्यंत ऐकलं नसेल. किती पटकन पटलं मला ते!

ईदला मी वस्तीवर गेले. घर माणसांनी भरलेलं. शेजारच्या वस्तीवरचे तात्या आपल्या व्याह्यांना घेऊन आले होते. त्यांनी चाचांना गळ घातली, ती रोज्याची गोष्ट पाव्हण्यांना सांगा की. माझ्या हातात शीरखुर्म्याची वाटी होती.

"रोज्याची न्हाय, तात्या," चाचा म्हणाले. "गाडीची. गाडी चुकली व्हती माझी."

"आवो, गालाला ऊन लागलं म्हणत व्हता की तुमी."

"म्हातारपणी घोळ व्हतोय. गाडीच व्हती ती."

तात्या हसले. पाहुणेही हसले, वय झालेल्या माणसाला हसतात तसे. चाचाही त्यांच्यात हसले. मग माझा आवाज मघाशी जिकडून आला होता तिकडं त्यांनी तोंड केलं आणि सुनेला म्हणाले, पोरीची वाटी रिकामी झाली असंल, अजून वाढ. तिनं वाढलं. मी खाल्लं.

सूचना दुरुस्त करायची मुदत तेव्हा संपलेली नव्हती. मी बारामतीला परत आले, त्याच खुर्चीत बसले, तेच पान उघडलं आणि बंद केलं. नियम आता पक्का झाला आहे. चांगला झाला आहे. त्याच्या स्पष्टीकरणात इंदापूर तालुक्यातल्या कुणा प्रवाशाची गाडी चुकते, आणि चाचाही आता सगळ्यांना तेच सांगतात.