उकळत बसलेली मी

ऐंशीच्या दशकात गडचिरोलीच्या जंगलातल्या एका उपकेंद्रात मी नर्स होते. तेव्हा काचेच्या सिरिंजा असायच्या. स्टोव्हवर वीस मिनिटं उकळायच्या अन् चिमट्यानं उचलायच्या. मी दोनदा उकळू लागले, मग तीनदा. घड्याळ नीट पाहिलं का? चिमटा कुठं टेकला तर नाही? असं मनात आलं की पुन्हा स्टोव्ह पेटवायचा. लेकरं घेऊन आलेल्या बाया कंटाळून निघून जायच्या. डॉक्टर म्हणायचे, "वा, काय स्वच्छता!" आग लागो त्या कौतुकाला!

खरं कारण मला ठाऊक होतं. आदल्या उन्हाळ्यात एका पोरीच्या दंडावर माझं इंजेक्शन पिकलं. फोड कापावा लागला. पोरगी बरी झाली, पण तिचा बाप भांडलाच नाही. भांडला असता तर मीही तोंड चालवलं असतं, मी काही कमी फटकळ नाही. तो एवढंच म्हणाला, "तुमी मुद्दाम थोडी केलं, बाई." त्यानंतर तो उपकेंद्रात फिरकला नाही.

पावसाळा सरत होता. एका दुपारी गावातल्या म्हाताऱ्या सुईणीचं बोलावणं आलं. गेले तर बाळ झालेलं, वार पडलेली, पण बाळंतिणीचं रक्त थांबेना. इंजेक्शन देणं भाग होतं. डब्यात सकाळीच उकळलेली सिरिंज होती. झाकण काढताना माझं बोट सुईला लागलं का? लागलं नव्हतं. तरी मी ती चुलीवरच्या गंजातल्या उकळत्या पाण्यात टाकली अन् घड्याळ पाहत बसले.

खालचं गोणपाट भिजत होतं. बाळंतिणीचे ओठ पांढरे पडले होते.

सुईण माझ्यासमोर उकिडवी बसली. "बाई, काय करून राह्यल्या?"

"सुई उकळते."

"सकाळी नाई उकळली?"

"उकळली. पण खराब झाली असली तर?"

"कायचं भेव वाटून राह्यलं तुमाले? सुईचं का लोकायचं?"

असा संताप आला मला तिचा! ओरडलेच मी. "लोकांचं! इंजेक्शन पिकलं तर म्हणतील बाईनं केलं. उकळत बसले तर कोणी बोट दाखवणार नाही." अन् माझं मलाच ऐकू आलं. समोर बाई मरत होती अन् मी माझं नाव जपत बसले होते. लाजेनं अंग तापलं.

"लाज वाटते मला," मी म्हटलं.

"मंग लाजा. लाजता लाजता टोचा."

सिरिंज काढली, जराशी निवू दिली, औषध भरलं. मांडीत टोचलं, मग दोघींनी पोट चोळत धरलं. हाताखाली गर्भपिशवी कडक होत गेली अन् रक्त कमी झालं. "जगते," सुईण म्हणाली.

बाहेर अंगणात तिचा नवरा माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला दंडाला धरून उभं केलं.

"आधी ऐक. सुई तयार होती. मी भ्याले म्हणून सात मिनिटं वाया घालवली."

पळून जावंसं वाटत होतं मला.

"आता नाई ना भेत?" त्यानं विचारलं.

"भिते."

"मंग भेत भेत बसा तिच्यापाशी," तो म्हणाला, अन् मला आत जायला वाट दिली.