डोकियाच्या नावचा नाच

दर रविवारी जेवणाआधी डोकिया रेडिओचा आवाज इतका मोठा करायची की शेजारची क्रुना कुंपणापलीकडून ओरडायची, "अगं बाई, पोरगा व्हिएन्नात ना तुझा? इथून त्याला ऐकू जाणारे का?"

"तुला जातंय ना? मग त्यालाही जाईल," असं म्हणून डोकिया आवाज आणखी वाढवायची. तोंडाला लागायची सोय नव्हती तिच्या.

तालुक्याच्या त्या एवढ्याशा रेडिओवर रविवारी तासभर आमच्या व्लाख भाषेत कार्यक्रम असतो. सणवार, गावोगावचं वाजप आणि शेवटी लोकांच्या शुभेच्छा. त्या मिलुंका वाचते. कुणाच्या नातवाचं बारसं, कुणाच्या लग्नाचा वाढदिवस, आणि त्यात न चुकता एक: "त्राइलोला, यासेन्का गावाहून आईकडून. असशील तिथे सुखी राहा." मग त्याच्या आवडीचा नाच वाजायचा. शेळ्या घेऊन घरी येताना पोरगं तोच शिट्टीवर वाजवायचं. आधी शिट्टी ऐकू यायची, मग घुंगरं, मग तो दिसायचा.

त्राइलो बांधकामावर म्हणून व्हिएन्नाला गेला त्याला वर्षं लोटली. सुरुवातीला फोन यायचे, मग तेही थांबले. काम सोडून गेला, असं तिथले म्हणाले. कुठे, ते कुणालाच ठाऊक नाही. पोलिसांनी हात वर केले. निरोपात 'ये' असं घालू का, म्हणून मिलुंकाने एकदा विचारलं, तर डोकिया म्हणाली, "नको गं. त्याला यायला तोंड नसेल. उगाच ओझं कशाला?"

मग एका हिवाळ्यात तिचा नवरा स्तान वारला. उन्हाळ्यात गावची जत्रा आली, तशी त्याच्या नावच्या नाचाची तयारी सुरू झाली. आमच्यात गेलेल्या माणसाला इथल्यांनी दिलेलंच पोचतं. पाणी दिलं तर पाणी, मेणबत्ती लावली तर उजेड, जत्रेत त्याच्या नावाने नाच दिला तर वाजप. कुणी काहीच दिलं नाही, तर बिचारा तिथे अंधारात मुकाट बसून राहतो.

जत्रेच्या सकाळी धाकटा दीर यांकुय येऊन ओट्यावर टेकला. "वहिनी, दादाच्या मागोमाग त्राइलोचाही नाच देऊन टाक."

"जित्या माणसाचा?"

"जिता असता तर बापाच्या मातीला आला नसता?"

"त्याला कळलं असेल कशावरून?"

"बरं, आहे म्हण जिता. आणि नसला तर? पोरगं तिथे अंधारात बसलंय वहिनी, तुझ्या हट्टापायी."

डोकियाला काय हे सुचलं नसेल? कितीतरी वेळा सुचलं होतं. पण यंदा जत्रा रेडिओवरून थेट जाणार होती. गेलेल्यांच्या नावांत आपलं नाव पोराच्या कानावर पडलं तर? आईनेच मला मातीत घातलं म्हणेल, आणि येणारा असेल तोही यायचा नाही. द्यावा तर पोर तुटतं, न द्यावा तर अंधारात राहतं. करावं तरी काय माणसाने!

दुपारी चर्चच्या मागच्या मैदानात स्तानचा नाच झाला. एका हातात गेलेल्याला द्यायची मेणबत्ती आणि आरसा धरून डोकिया रांगेच्या पुढे होती. "हा नाच स्तानचा! त्याला पोचू दे!" असं बँडचा म्होरक्या ओरडला, लोकांनीही "पोचू दे!" म्हटलं. मिलुंका माइक धरून शेजारीच उभी होती.

"पुढचा कुणाच्या नावचा?" म्होरक्याने विचारलं.

"त्राइलोच्या," यांकुय म्हणाला. मिलुंकाचा चेहरा उतरला. इतकी वर्षं तिनेच तर ते नाव वाचलं होतं.

"थांब!" डोकिया पुढे झाली. "नाच त्राइलोच्या आवडीचाच वाजवा. पण द्यायचा डोकियाच्या नावाने."

क्रुना लगेच म्हणाली, "अगं, तू तर इथे धडधाकट उभी आहेस!"

"उभी आहे म्हणूनच सांगतेय. म्हातारी माणसं जितेपणी आपलं आपण करून ठेवत नाहीत का? तुझ्या सासूने नव्हतं केलं? मग? हा नाच तिथे माझ्या नावावर जमा राहील. पोरगं तिथे असलं तर मी गेल्यावर माझ्या हाताने त्याला देईन. तोवर काढ म्हणावं कळ, आई येतेय. आणि तिथे नसलं, तर..." ती माइककडे वळली. "तर ऐकतोयस ना रे बाळा? गेलेल्यांत तुझं नाव मी कुणाला घेऊ दिलं नाही."

यांकुय खाली मान घालून उभा होता. मग तोच पुढे झाला आणि त्याने वहिनीच्या हातात तिच्या नावाची नवी मेणबत्ती पेटवून दिली. वाजप सुरू झालं. डोकिया नाचली, गुडघे कुरकुरत होते, डोळे वाहत होते, पण पाऊल चुकलं नाही.

संध्याकाळी वायरी गुंडाळता गुंडाळता मिलुंकाने भीत भीत विचारलं, "मावशी, रविवारी काय वाचू?"

"काय म्हणजे? नेहमीचंच वाच," डोकिया म्हणाली. दोन पावलं पुढे गेली आणि परत वळली. "शेवटी 'ये' एवढं घाल गं. आता घाल."