सहभाग नाही

नवऱ्याला नाही, आईला नाही, जिच्यासोबत रोज डबा खाते त्या मैत्रिणीलाही नाही — हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. तुम्हाला सांगते. सांगतानाही संताप होतोय. कुणावर? थांबा, येते तिथे.

मी मलकापूरच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. लॉकडाऊनमध्ये वर्ग मोबाइलवर आले आणि चर्चेतल्या सहभागाला गुण द्यायचे ठरले. कोण बोललं, कसं बोललं — ठरवणार आम्ही.

मूळची मी मोताळ्याकडची. पुण्यात शिकायला गेले तेव्हा माझ्या वऱ्हाडी ‘मले-तुले’ला मुली फिदीफिदी हसायच्या. जीभ घासून घासून मी ती बोली काढून टाकली. पण त्या हसण्याचा राग? तो कुठे गेला होता? तो बसला होता दबा धरून.

रोहिणखेडची एक मुलगी होती वर्गात, वैशाली. त्या दिवशी चर्चा होती, मुली शिक्षण का सोडतात. मी ऐटीत म्हणाले, पालकांना शिक्षणाची किंमतच नाही. तिनं माइक सुरू केला —

“किंमत हाये न, मॅडम. माही माय मले शिकवाले घरात भांडते. पण संध्याकाळची बसच नाई, त पोरगी घरी येईन कशी? तुमी कधी थांबल्या काय फाट्यावर अंधारात?”

थांबले होते. शाळेत असताना, कितीदा तरी.

कुणीतरी “येईन कशी, येईन कशी” म्हणून तिची नक्कल केली. वर्ग हसला. आणि मी — मीही हसले. मोठ्यानं. मग “चर्चेत जरा नीट मराठी बोला” म्हणत तिचा आवाज बंद केला.

त्यानंतर ती बोलली नाही. चॅटमध्ये लिहायची, अगदी मुद्द्याचं. मी वाचायचे आणि पुढे सरकायचे. सत्र संपलं तेव्हा तिच्या नावापुढे टाकलं : सहभाग नाही.

कॉलेज उघडलं तशी ती तक्रार घेऊन थेट प्राचार्यांकडे गेली. सरांनी माझ्याकडे त्या तासाचं रेकॉर्डिंग मागितलं. घरी येऊन पाहिलं — माझे दात दिसत होते, इतकी हसत होते मी! पुसून टाकलं. “नेटवर्क गेलं होतं सर, रेकॉर्डिंग झालंच नाही.” सरांनी वर्गाला विचारलं, तर कुणी काही ऐकलंच नव्हतं. सगळ्यांचे गुण माझ्याच हातात होते ना! त्यांना भेकड म्हणू? कुठल्या तोंडानं?

खोटी तक्रार केली म्हणून सरांनी तिलाच माझी माफी मागायला लावली. स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर. ती ताठ उभी राहिली. “मॅडम, माझ्याकडून चूक झाली. मला क्षमा करा.” एकही शब्द वऱ्हाडी नाही. घरून घोकून आली असेल — माझ्यासाठी!

मी खुर्चीतून उठलेसुद्धा नाही. “असू दे,” म्हणाले. “पुन्हा असं करू नकोस.”

काही दिवसांनी ती दाखला घेऊन गेली. पुढे शिकली? की शिक्षणच सुटलं? मी कधी विचारलं नाही.

माझ्या दारात गाडी उभी असते. रोहिणखेड इथून तासाभरावर आहे. मी गेलेले नाही.